पावतीवरची ‘जिमखाना फी’ आणि तिच्यावर चालणारं कॉलेज

आजोबांच्या जुन्या कागदांत कॉलेजच्या फीची पावती सापडली, तर रद्दीत टाकण्याआधी ती एकदा वाचून बघा. १ एप्रिल १९५७ च्या आधीची असेल तर रक्कम रुपये, आणे, पै अशी लिहिलेली असेल. वर ट्यूशन फी, मग लायब्ररी, मॅगझिन, डिपॉझिट, आणि यांच्यामध्ये कुठेतरी चार अक्षरं: जिमखाना. ट्यूशन फीच्या मानानं ही रक्कम किरकोळच. पण साधारण १९४५ ते १९६५ या काळात मुंबई-पुण्याच्या, सांगली-कोल्हापूरच्या कॉलेजांत वर्गाबाहेर जे काही घडलं, ते समजून घ्यायचं तर सुरुवात याच ओळीपासून करावी लागते. नाटकाचे पडदे, क्रिकेटच्या बॅटी, प्रमुख पाहुण्यांचा हार आणि निवडणुकीतली भांडणं, सगळं याच खात्यावर.

त्या काळाबद्दल आपण जे ऐकतो ते बहुतेक आठवणींतून. ‘आमच्या वेळचं गॅदरिंग’ या तीन शब्दांनी सुरू होणाऱ्या आठवणी गोड असतात, आणि त्या सांगणारा माणूस बहुतेक वेळा तेव्हा स्टेजवर असतो. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेला, किंवा त्या वेळी नोकरीवर गेलेला मुलगा सहसा आठवणी लिहीत नाही. म्हणून इथे आठवणींपेक्षा व्यवस्थेकडे बघू: वेळ कुठून मिळायचा, पैसा कोण द्यायचं, परवानगी कोणाची लागायची आणि कोण बाहेर राहायचं.

आधी वेळेचं गणित

शाळा तेव्हा अकरा वर्षांची. शेवटी मॅट्रिक, पुढे तिच्या जागी एस.एस.सी. म्हणजे सोळाव्या-सतराव्या वर्षी पोरगं कॉलेजात. तिथे चार वर्षं: एफ.वाय., इंटर, ज्युनियर बी.ए. आणि सीनियर बी.ए. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं. तोवर पुण्याची कॉलेजंसुद्धा १८५७ च्या मुंबई विद्यापीठाच्याच अखत्यारीत होती, त्यामुळे हा साचा दोन्हीकडे सारखाच.

या चार वर्षांतली मेख अशी की विद्यापीठाच्या परीक्षा दोनच: इंटरची आणि शेवटची बी.ए.ची. एफ.वाय.ची परीक्षा कॉलेज स्वतः घ्यायचं, आणि ज्युनियरला विद्यापीठाची परीक्षाच नसायची. ज्युनियरचं वर्ष म्हणजे विश्रांतीचं वर्ष असा सगळ्यांचा समज होता. इंटरच्या घाण्यातून नुकतीच सुटका झालेली, सीनियरची फाशी अजून वर्षभर लांब. नाटकात काम करायचं, निवडणुकीला उभं राहायचं, अंकाचा संपादक व्हायचं ते याच वर्षी. आज सहामाही परीक्षा, प्रोजेक्ट आणि अंतर्गत गुणांच्या मागे धावणाऱ्या मुलांना ‘तेव्हाची मुलं किती हरहुन्नरी होती’ असं ऐकवलं जातं, तेव्हा हे एक अख्खं मोकळं वर्ष कोणी मोजत नाही.

शैक्षणिक वर्ष दोन टर्मचं. पहिली जूनच्या पावसात सुरू व्हायची आणि दिवाळीच्या सुट्टीला संपायची, दुसरी दिवाळीनंतर मार्चपर्यंत. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर. यातून कार्यक्रमांचं वेळापत्रक आपोआप ठरायचं. जुलै-ऑगस्टमध्ये निवडणुका आणि मंडळांची उद्घाटनं. पावसाळा सरला की मैदानी खेळ. डिसेंबर ते फेब्रुवारी गॅदरिंग. फेब्रुवारी उलटला की नोटीस बोर्डावर परीक्षेच्या फॉर्मची तारीख लागायची आणि सगळा गलबला एकदम शांत.

आणि ‘टर्म ग्रँट होणं’ ही भानगड. वर्गातली हजेरी पुरेशी नसेल तर प्राचार्य टर्म नाकारू शकायचे, आणि टर्म नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही. विद्यार्थ्यांच्या सगळ्या स्वातंत्र्याला बांधलेली दोरी ती हीच. प्रॉक्सी नावाच्या लोककलेचा उगमही याच नियमात आहे. तालमीला गेलेल्या मित्राच्या रोल नंबरला आवाज बदलून ‘प्रेझेंट सर’ म्हणणाऱ्याला खरं तर नाटकाच्या श्रेयनामावलीत जागा मिळायला हवी होती.

जिमखाना: खेळाच्या नावाखाली सगळा संसार

जिमखाना हा शब्द ब्रिटिश अमदानीत रुळलेला. अर्थ साधा: खेळाची जागा. पण कॉलेजच्या कारभारात त्याचा अर्थ फुगत गेला. क्रिकेट, टेनिस, हुतूतू, खो-खो तर त्यात होतंच, पण बऱ्याच ठिकाणी नाट्यमंडळ, वक्तृत्व आणि गॅदरिंगसुद्धा त्याच छत्राखाली आलं. म्हणून नाटकातल्या राजाची तलवार हिशेबाच्या वहीत जिमखान्याच्या खर्चात दिसली तर आश्चर्य नको.

कमिटीची रचना थोड्याफार फरकानं सगळीकडे सारखी. अध्यक्ष अर्थातच प्राचार्य. त्यांच्या खाली कारभार बघणारे एक प्राध्यापक, आणि प्रत्येक विभागाला एक एक प्राध्यापक. विद्यार्थ्यांचा मुख्य म्हणजे जनरल सेक्रेटरी, त्याला कोणीही पूर्ण नावानं हाक मारत नसे, जी.एस. म्हणत. प्रत्येक वर्गाचा क्लास रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे सी.आर. मुलींची एक लेडी रिप्रेझेंटेटिव्ह, एल.आर. मग क्रिकेटचा सेक्रेटरी, नाटकाचा, वादविवादाचा, सहलीचा. यांपैकी काही निवडून यायचे, काही प्राध्यापक नेमायचे.

खरी करमणूक बजेटच्या बैठकीत. पैसा ठरलेला, मागणारे दहा. क्रिकेटचं साहित्य महाग, सामने बाहेरगावी, त्यामुळे मोठा घास क्रिकेटचा. नाटकवाल्यांना पडदे, पोशाख आणि रंगभूषा भाड्यानं आणायला लागायची, त्यांची ओरड कायमची. वक्तृत्ववाले बिचारे गरीब: पाहुण्यांचं येण्याजाण्याचं भाडं, चहा आणि एक हार. अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं तिथे बसून आकड्यांवर भांडायचं, पावत्या जमवायचं, वर्षअखेर हिशेब द्यायचं. पुढे महाराष्ट्रात सहकारी संस्था, नाट्यसंस्था, पतपेढ्या, वाचनालयं चालवणारी जी मंडळी दिसतात, त्यांतल्या पुष्कळांनी ‘मिनिट्स’ लिहायला आणि सभेत ‘मुद्दा मांडतो’ म्हणून उभं राहायला पहिल्यांदा इथेच शिकलं असणार. माझ्या मते जिमखान्यानं दिलेली मोठी गोष्ट हीच, चषक आणि ढाली नंतर.

निवडणूक मात्र चांगली रंगायची. वर्गावर्गांतून भाषणं, हातानं रंगवलेली पोस्टरं, उमेदवाराच्या नावाची छापील कार्डं, होस्टेलच्या खोल्यांतून रात्री फिरणं. मुद्दे काय? कँटीनचा चहा, लायब्ररीच्या वेळा, वाचनाची जादा खोली. जात, गाव आणि होस्टेल ही उघड न बोलली जाणारी गणितं होतीच. राजकीय पक्ष दारात उभे असत, आत येण्याची त्यांना सहसा परवानगी नसे.

तसं का, यालाही कारण आहे. १९४२ च्या चळवळीत विद्यार्थी कॉलेजं सोडून बाहेर पडले होते, आणि संस्थाचालकांनी विद्यार्थ्यांच्या संघटनेची ताकद अगदी जवळून पाहिली होती. स्वातंत्र्यानंतर नव्या सरकारलाही ती ताकद थोडी अडचणीचीच वाटू लागली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगानं १९४८-४९ मध्ये विद्यार्थ्यांच्या कल्याणाचा बारकाईनं विचार केला, शारीरिक शिक्षणाची शिफारस केली, आणि विद्यार्थी संघ राजकारणापासून शक्य तितके दूर असावेत असंही सुचवलं. जिमखान्याची रचना या विचाराला सोयीची होती: निवडणूक आहे, पदं आहेत, भाषणं आहेत, पण अध्यक्ष प्राचार्य.

राजकारण मग कुंपणाबाहेर वाढलं. ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन १९३६ पासून होती, राष्ट्र सेवा दल १९४१ चं, अखिल भारतीय विद्यार्थी परिषद १९४९ ची. संध्याकाळी सेवा दलाच्या शाखेवर किंवा संघाच्या शाखेवर जाणारी मुलं सकाळी एकाच बाकावर बसायची आणि जिमखान्याच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभी राहायची, पक्षाचं नाव न घेता. १९५५-५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटला, तेव्हा मुंबईतले आणि पुण्यातले विद्यार्थी मोर्चांत उतरले, आणि कुंपण किती तकलादू आहे हे सगळ्यांना दिसलं.

गॅदरिंग

स्नेहसंमेलन हा छापील शब्द. बोलायचे सगळे ‘गॅदरिंग’. तीन-चार दिवस, कुठे आठवडाभर. क्रीडास्पर्धांच्या अंतिम फेऱ्या, संगीत, विविध गुणदर्शन, बक्षीस समारंभ, एक दिवस सगळ्यांचं एकत्र जेवण आणि शेवटी नाटक. प्रमुख पाहुणा साहित्यिक असला तर हॉल भरायचा. मंत्री असला तर पहिल्या रांगा भरायच्या.

फिशपॉन्ड, म्हणजेच शेलापागोटे, हा यातला सगळ्यात धमाल आणि सगळ्यात दुष्ट प्रकार. खेळ असा: आधी काही दिवस एक पेटी ठेवायची, कोणीही निनावी चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीत एखाद्याचं नाव आणि त्याला चपखल बसेल अशी कवितेची ओळ, म्हण किंवा गाण्याचा मुखडा. कमिटी चिठ्ठ्या चाळायची आणि स्टेजवरून वाचायची. ज्याचं नाव आलं त्यानं उठून काहीतरी प्रतीकात्मक भेट घ्यायची. नीट जमला तर हा भाषेचा सुंदर खेळ होता, कारण पाठ्यपुस्तकातली अतिशय गंभीर ओळ एखाद्या लठ्ठ प्राध्यापकाला लागू करण्यासाठी ती ओळ आधी पाठ असावी लागते. पण निनावी पेटीत काय पडतं हे आपल्याला आज वेगळ्या संदर्भात चांगलंच माहीत आहे. रंग, उंची, तोतरेपणा, गावंढळ बोली आणि कोण कोणाकडे बघतं, यावर पिकलेला हशा ज्याच्यावर पिकला त्याला आयुष्यभर पुरायचा. मुलींना तर उठून पुढे जाणं हीच शिक्षा असायची. चिठ्ठ्या चाळणारा सेक्रेटरी किती समजूतदार आहे यावर त्या संध्याकाळची सगळी मदार.

नाटकाची गोष्ट थोडी तपशिलात सांगायला हवी, कारण इथे या वीस वर्षांत खरा बदल झाला.

सुरुवातीला गॅदरिंगचं नाटक म्हणजे तीन अंकी. व्यावसायिक रंगभूमीवर गाजलेलं किंवा नामवंत लेखकाचं नाटक घ्यायचं, दोन महिने तालमी करायच्या, बसवायला बाहेरून जाणता माणूस बोलवायचा. अडचण स्त्री-भूमिकांची. मुलं-मुली एकत्र काम करणार म्हटलं की पालकांचं, संस्थेच्या चालकांचं आणि कधी कधी वर्तमानपत्राला पत्र लिहिणाऱ्यांचं म्हणणं पडायचं. त्यामुळे कित्येक ठिकाणी मिशी काढलेला इंटरचा मुलगाच नायिका. मुलींची नाटकं वेगळी, तिथे पुरुषांच्या भूमिकाही मुलींच्याच. मिश्र नाटकं हळूहळू आली, सगळीकडे एकदम आली नाहीत.

मग एकांकिका आली. तीन अंकी नाटकाला जे भांडवल लागतं ते एकांकिकेला लागत नाही: पात्रं कमी, नेपथ्य थोडं, तालीम एखाद्या रिकाम्या वर्गात. आणि मुख्य म्हणजे ती विद्यार्थ्याला स्वतः लिहिता येते. कॉलेजाकॉलेजांत स्पर्धा सुरू झाल्या तसा या प्रकाराला जोर चढला. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनं १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली, आणि गॅदरिंगला टाळ्या मिळाल्या म्हणजे झालं, ही पातळी मागे पडली. आता शेजारचं कॉलेज काय करतंय हे बघावं लागणार होतं. ‘आमच्या कॉलेजचं नाटक’ या भावनेनं ओरडणारा प्रेक्षक आणि समोर वही घेऊन बसलेले परीक्षक, या दोघांमधून पुढची कित्येक दशकं मराठी रंगभूमीला माणसं मिळत गेली.

त्याआधीच्या पिढीचंही उदाहरण आहे. श्रीराम लागू पुण्याच्या बी.जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. पुढे कान-नाक-घशाचे डॉक्टर झाले. भालबा केळकर पुण्याच्या वाडिया कॉलेजात शिकवायचे. ही मंडळी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या, म्हणजे पी.डी.ए. या नाट्यसंस्थेच्या तालमींत एकत्र आली. कॉलेजात लागलेली नाटकाची सवय डिग्री मिळाल्यावरही सुटत नाही, मग संस्था काढावी लागते, असा हा साधा प्रवास.

मराठवाड्यातलं एक वेगळं उदाहरण. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं आणि विद्यार्थ्यांनी ते केलं. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना या प्रयोगाचा उल्लेख टाळता येत नाही. इतर ठिकाणी कॉलेजचं नाटक गाजलेल्या नाटकाची नक्कल करत होतं, त्याच सुमाराला इथे विद्यार्थी स्वतःच्या समाजाचा इतिहास पहिल्यांदा स्टेजवर मांडत होते.

वर्गात इंग्रजी, बाहेर मराठी

त्या काळातलं वर्गाबाहेरचं जग का इतकं चैतन्यानं भरलेलं वाटतं याचं एक कारण मला भाषेत दिसतं. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत शिकवणं इंग्रजीतून. खेड्यातल्या हायस्कूलमधून मराठीत शिकून आलेल्या मुलाला पहिले सहा महिने प्राध्यापक काय बोलतात ते अर्धंच कळायचं. प्रश्न विचारायचा म्हणजे आधी मनात वाक्य जुळवायचं, तोवर तास संपायचा. हाच मुलगा मराठी वाङ्मय मंडळाच्या बैठकीला गेला की त्याला कंठ फुटायचा.

म्हणून वाङ्मय मंडळाचं महत्त्व. उद्घाटनाला एखादा कवी किंवा टीकाकार, वर्षभरात कथाकथन, काव्यवाचन, एखादा परिसंवाद, बसल्या बैठकीत रंगलेलं नाट्यवाचन. खर्च जवळजवळ शून्य. दुसऱ्या टोकाला इंग्रजी डिबेट. ‘सभेचं असं मत आहे की’ छापाचा ठराव, एक बाजूचा, एक विरोधातला, सभापती, घंटा आणि शेवटी हात वर करून मतदान. डिबेटवाल्या मुलांना बाहेरगावच्या स्पर्धांना पाठवलं जायचं आणि त्यांचा रुबाब वेगळा. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात तर विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरायची. सभागृहाचे रिवाज पाळून चर्चा. राज्यघटना नुकतीच लागू होत असताना, आणि ती घडवण्यात अग्रभागी असलेल्या डॉ. आंबेडकरांच्याच संस्थेत हे चाललेलं होतं, हे लक्षात घ्या.

भित्तिपत्रक हा गरिबाचा छापखाना. मोठ्या कागदावर सुंदर अक्षराच्या मुलानं किंवा मुलीनं मजकूर उतरवायचा, कोपऱ्यात चित्र, आणि काचेच्या चौकटीत तो लावायचा. कविता तिथे लागली की कवी दिवसभर त्या जिन्यावरून निष्कारण ये-जा करायचा. मजकुरावर आधी एका प्राध्यापकाची सही लागे, त्यामुळे टीका कँटीनपर्यंतच पोचायची, ऑफिसपर्यंत नाही.

वार्षिक अंक मात्र छापील. मॅगझिन फी त्यासाठीच. त्यात इंग्रजी, मराठी, संस्कृत असे वेगवेगळे विभाग, कुठे हिंदी, कुठे गुजराती किंवा कन्नडसुद्धा. प्रत्येकाचा विद्यार्थी-संपादक वेगळा आणि वर एक प्राध्यापक. आज ते अंक चाळताना इंग्रजी विभागातले निबंध मला बहुतेक कोरडे वाटतात, मराठी विभागात मात्र अचानक एखादी जिवंत कथा हाती लागते. शेवटी जिमखान्याचा अहवाल असतो. तो सहसा कोणी वाचत नाही. पण त्या कॉलेजचं खरं रूप बघायचं तर आधी तोच वाचावा: किती सामने हरले, कुठली सहल पावसामुळे रद्द झाली, कोणत्या कामासाठी ‘पुरेसा निधी उपलब्ध न झाल्याने’ गाडं अडलं.

मैदान आणि परेड

क्रिकेटला विद्यापीठ पातळीवर १९३५-३६ पासून रोहिंटन बारिया करंडक होता. आंतरविद्यापीठ सामने म्हणजे रणजीच्या उंबरठ्यावरची पायरी. दिलीप सरदेसाई यांनी १९५९-६० च्या मोसमात याच स्पर्धेत ८७ च्या सरासरीनं ४३५ धावा काढल्या आणि निवड समितीच्या नजरेत भरले. अजित वाडेकरांची गोष्ट तर ऐकण्यासारखी. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजला जाताना बसमध्ये त्यांना बाळू गुप्ते भेटले. कॉलेजच्या संघाला बारावा गडी कमी होता, येशील का म्हणून विचारलं, आणि दिवसाला तीन रुपये मिळतात असंही सांगितलं. सायन्सच्या विद्यार्थ्याला तीन रुपये वाईट नव्हते. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंडला त्यांच्या घरी हरवणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार असा बारावा गडी म्हणून मैदानात आला.

प्राध्यापकांतही खेळाडू होते. दि. ब. देवधर पुण्याच्या एस.पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचं नेतृत्व करायचे. त्यांच्या कप्तानीत महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना तर नदीच होती. त्यांचा बोट क्लब १९२८ चा, आणि दरवर्षीची रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, बघायला गाव लोटायचं.

एन.सी.सी. १९४८ ची. त्याआधीही विद्यापीठांत लष्करी शिक्षणाची पथकं होती, पण स्वतंत्र देशाची म्हणून ही नवी. मुलींची शाखा पुढच्या वर्षी. गणवेश, परेड, रायफल, वार्षिक कॅम्प आणि ‘बी’, ‘सी’ अशी सर्टिफिकिटं. सुरुवातीला ती हौसेची गोष्ट होती. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं आणि १९६३ मध्ये कॉलेजातल्या मुलांना एन.सी.सी. सक्तीची केली गेली. सक्ती झाली तशी हौस आटली. उन्हात उभं राहणाऱ्यांतले किती देशासाठी आणि किती परेडनंतरच्या नाश्त्यासाठी आलेत हे कोणी विचारत नव्हतं. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली, आणि १९६९ मध्ये समाजसेवेचा पर्याय म्हणून एन.एस.एस. आली. दिल्लीत १९५४ मध्ये भरलेला पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सवही याच सरकारी उमेदीचा भाग: वेगवेगळ्या प्रांतांची पोरं एकत्र नाचली, गायली की देश एक होईल.

पहिल्या बाकावरच्या मुली

मुलींसाठी वर्गाबाहेरचं आयुष्य नेमकं कुठे सुरू व्हायचं? लेडीज रूममध्ये. तास सुरू होईपर्यंत तिथे थांबायचं, प्राध्यापक निघाले की त्यांच्या मागून वर्गात जायचं, राखून ठेवलेल्या पहिल्या बाकांवर बसायचं आणि तास संपला की प्राध्यापकांबरोबरच बाहेर. ही पद्धत बऱ्याच कॉलेजांत होती आणि ती कागदावरचा नियम असण्याची गरज नव्हती. वर्गातल्या मुलाशी चार वर्षांत चार वाक्यं न बोललेल्या पदवीधर बायका माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांना त्यात सांगण्यासारखं विशेष काही वाटत नाही.

एल.आर. ही जागा म्हणूनच गमतीची. नावाला प्रतिनिधी, प्रत्यक्षात रांगोळी, पाहुण्यांचं स्वागत, स्वागतगीत आणि लेडीज रूममधल्या कॅरम बोर्डाच्या सोंगट्या. पण त्याच कमिटीत ती जी.एस.च्या शेजारी बसायची, बजेटवर मत द्यायची. टेबल टेनिस आणि बॅडमिंटन मुलींना लवकर मोकळे झाले, कारण ते चार भिंतींच्या आत. मैदानावर यायला वेळ लागला. संध्याकाळच्या तालमी साडेसहाला संपल्या पाहिजेत, या एका अटीवर किती जणींच्या भूमिका गेल्या असतील.

फी भरली, पण खेळला नाही

जिमखाना फी सगळ्यांकडून घेतली जायची. मैदानावर किती जण दिसायचे? हजार-दीड हजारांच्या कॉलेजात क्रिकेटचे अकरा, नाटकाचे दहा-बारा, कमिटीचे पंधरा-वीस, आणि त्यांतली निम्मी नावं पुन्हा तीच. बाकीचे टाळ्या वाजवणारे. त्या काळच्या कादंबऱ्यांमधला पांढरी पँट घातलेला, टेनिसची रॅकेट फिरवत येणारा नायक खरा होता, पण तो फार थोडा होता.

बाकीच्यांचा दिवस वेगळाच चालायचा. कोणी नातेवाइकांकडे राहून घरकामाला हात लावायचा. कोणी वार लावून जेवायचा, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पुण्यातल्या होस्टेलांत मुलांनी स्वतः चालवलेल्या खाणावळींना ‘क्लब’ म्हणत. तिथे महिन्याचा खर्च सभासदांत वाटला जाई, आणि रविवारची फीस्ट हा आठवड्याचा सण. हिशेब ठेवणारा मुलगा जी.एस.पेक्षा जास्त शिव्या खायचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांसाठी बोर्डिंगं काढली होती. राजाराम कॉलेजात शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलांचं खरं सामाजिक आयुष्य त्या बोर्डिंगांत घडायचं, जिमखान्यात नव्हे.

सिद्धार्थ कॉलेज १९४६ मध्ये निघालं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. दहाच्या ऑफिसला पोचणाऱ्या मुलाला ‘संध्याकाळी नेट प्रॅक्टिसला ये’ म्हणून काय उपयोग? साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. रयत शिक्षण संस्थेची ‘कमवा आणि शिका’ ही रीत तिथे चालली. मुलं शेतात राबायची, स्वयंपाकघरात राबायची, आणि त्याबदल्यात शिकायची. तिथे अभ्यासेतर उपक्रम कशाला म्हणायचं? कुदळ चालवणं अभ्यासात धरायचं की अभ्यासाबाहेर? भाऊरावांना बहुधा हा प्रश्नच पडला नसता.

पुढे शिक्षणाचा आकृतिबंधच बदलला. दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ ला झाली, बारावीची १९७७ ला. एफ.वाय. आणि इंटरची जागा अकरावी-बारावीनं घेतली, पदवी तीन वर्षांची झाली आणि ज्युनियरचं ते रिकामं वर्ष कॅलेंडरातून नाहीसं झालं. खुल्या निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थांबल्या. जिमखाना फी मात्र पावतीवर राहिली.

पावती नसेल तर वार्षिक अंक शोधा, त्यात जिमखाना कमिटीचा फोटो नक्की असतो. मधल्या खुर्चीत प्राचार्य, दोन्ही बाजूंना प्राध्यापक, अगदी कडेला पदर सावरून बसलेली एल.आर. मागे उभे सेक्रेटरी, पुढे सतरंजीवर बसलेले दोघे आणि त्यांच्या मध्ये एक ढाल. कोपऱ्यात मैदानाची देखभाल करणारा गडी, हात मागे बांधून. खाली ‘डावीकडून उजवीकडे’ म्हणून सगळ्यांची नावं दिलेली असतात. गड्याचं नाव आहे का, तेवढं बघा.